उन्हाचं निमित्त

मनवेलपाड्याच्या इमारतीत यमुनेची तुळस खिडकीच्या जाळीत राहायची, तेलाच्या रिकाम्या डब्यात. वरच्या बाईंनी चादर वाळत घातली की तिच्यावर सावली यायची, आणि चादर नीट पिळलेली नसली की साबणाचं पाणी टपकायचं. यमुना कधी वर जाऊन भांडली नाही. पदराच्या टोकाने एकेक पान पुसायची आणि पुटपुटायची, "सोस बाई थोडं. एक दिवस तुला मातीत नेईन."

संपदा लहानपणी तापाने निपचित पडली होती तेव्हा यमुनेने नेम धरला होता, सांजवात चुकवायची नाही. मुलगी उठली, शिकली, नोकरीला लागली. नेम तसाच राहिला. सकाळी पोथीचा अध्याय झाल्याशिवाय चहा नाही, आणि दिवेलागणीला तुळशीपाशी दिवा लागल्याशिवाय दुसरं काम नाही. पाहुणे असोत, अंगात कणकण असो. नात्यागोत्यात सगळे म्हणायचे, यमुनेचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. ती खाली बघून हसायची. ऐकायला बरं वाटायचं, खोटं कशाला सांगा.

यमुनेचे यजमान सुधाकरराव निवृत्त झाले तेव्हा त्यांनी घर बघायला घेतलं. उंच इमारतीतलं मोठं घर परवडण्यातलं नव्हतं, आणि यमुनेला तर अंगण हवं होतं. "अंगण हवं म्हणे," सुधाकरराव संपदाला सांगायचे, "तुझ्या आईला सांग, ह्या भावात आपल्याला अंगणाचा फोटो मिळेल." पण त्यांच्या ऑफिसातले सदानंद वसईचेच. त्यांनी एक दिवस फोन करून सांगितलं, पापडीच्या पुढे, वाड्यांच्या आत एक जुनं कौलारू घर आहे. आळीत गाडी शिरत नाही, म्हणून बिल्डर फिरकत नाहीत. घरची बाई एकटी आहे, मुलगा स्टेशनजवळच्या फ्लॅटवर चल म्हणतोय, पण पाडणाऱ्याला द्यायचं नाही असा तिचा हट्ट आहे. बघून तर या.

ते तिघे बघायला गेले. रिक्षा रस्त्यावरच सोडावी लागली. दोन्ही बाजूंनी केळी, मधून पायवाटेएवढी आळी, आणि तिच्या टोकाला ते घर: काळ्या दगडाचं जोतं, सागाचे खांब, उतरती कौलं, रुंद ओटी. मागे वाडीचा तुकडा आणि विहीर. घर पोर्तुगीजांच्या वेळचं, असं सदानंद म्हणाले होते. घरमालकीण मटिल्डाबाईंनी ते हसण्यावारी नेलं. "इतकं नाही हो. पण माझ्या आजेसासूच्याही आधीचं, एवढं खरं."

"मग इथली झुरळंसुद्धा खानदानी असतील," संपदा हळूच म्हणाली.

"झुरळं नाहीत. घोरपड येते कधीमधी," मटिल्डाबाई म्हणाल्या. त्यांचे कान शाबूत होते. पांढरे केस, पांढरं निळ्या काठाचं लुगडं, गळ्यात काळ्या दोऱ्यात एवढासा क्रूस. जन्म इथलाच, आयुष्य मराठी शाळेत शिकवण्यात गेलेलं. यमुनेला त्यांनी पहिल्या भेटीतच अगं-तुगं करून टाकलं. "बस गं बाय. पाणी घे. विहिरीचं आहे, गोड आहे."

अंगणात एका अंगाला दगडी क्रूस होता. कमरेएवढ्या चौथऱ्यावर उभा, दोन्ही हात झिजून गोल झालेले, पायथ्याशी दिव्यासाठी कोनाडा आणि कोनाड्यात मेणाचे थरावर थर. मटिल्डाबाई त्याच्यासमोरून जाताना कपाळाला, छातीला आणि खांद्यांना बोटं लावत. बोलणं न थांबवता, आपण केसांची बट मागे सारतो तशा सहज.

"प्लेगच्या साली आळीने मिळून उभा केला हा," त्यांनी सांगितलं. "तेव्हापासून मे महिन्यात एका संध्याकाळी सगळी आळी इथे जमते. माळेची प्रार्थना होते, उकडलेले चणे वाटतात, माणसं घरी जातात. तेवढंच. घर ज्याला देईन त्याने तेवढं होऊ द्यावं. आणि रोज एक दिवा."

यमुना अंगणातली माती बघत होती. भुरभुरीत, काळसर, तुळशीसाठीच केलेली असावी अशी. "मटिल्डाबाई," ती म्हणाली, "इथे, ह्याच्या बाजूला, मी तुळस लावली तर चालेल का हो तुमच्या देवाला?"

मटिल्डाबाईंनी तिच्याकडे टक लावून बघितलं आणि मग त्या मनापासून हसल्या. "चालेल म्हणजे? सोबत होईल की त्याला. घर बघायला आलेली एक बाई विचारत होती, पार्किंग कुठे. दुसरीने विचारलं, हा दगड काढायला माणूस मिळेल का. तू पहिली, जिने विचारलं, त्याला चालेल का."

"मग काळजी सोडा," यमुना म्हणाली, आणि का कोण जाणे, तिने आपला हात त्या झिजलेल्या दगडावर ठेवला. दगड उन्हाने तापलेला होता. "माझी सांजवात चुकत नाही. एक तुळशीपाशी लागेल, एक इथे. आणि तुमची माणसं म्हणजे आमचेच पाहुणे."

मटिल्डाबाईंचा मुलगा केनी म्हणत होता की हे सगळं कागदावर घालून घ्यावं. त्या म्हणाल्या, "माणसाच्या शब्दाला कागदाचं ठिगळ कशाला?" आणि जी किंमत केनीने सांगितली होती त्यातून त्यांनी स्वतः होऊन कमी केली. परत येताना सुधाकरराव रिक्षात दोनदा म्हणाले, "तुझ्या तुळशीने घर दिलं बघ आपल्याला." यमुनेने हात जोडले. कोणाला, ते तिने ठरवलं नाही.

थंडी संपता संपता ते राहायला आले. तुळस मातीत गेली आणि महिन्याभरात अशी फोफावली की डब्यातली तीच का ही, असं वाटावं. यमुना संध्याकाळी दोन दिवे घेऊन अंगणात उतरायची. शेजारचा निकोलस वाडीतून घरी जाताना त्यांच्या अंगणातून आडवा जाई, जुनी सवय होती त्याची. जाता जाता कधी केळफूल, कधी वालाच्या शेंगा ओटीच्या पायरीवर ठेवून जाई. "वहिनी, तुमचा दिवा बगून आमची म्हातारी घड्याळ लावते," तो एकदा म्हणाला. त्याची बायको कार्मिन विहिरीवर यायची, कपडे धुवायला कमी आणि गप्पांना जास्त. यमुनेला वाटायचं, इतकं सोपं असतं सगळं. माणसं उगीच अवघड करतात.

मग वास्तुशांत ठरली, आणि शकूताईंचा फोन आला.

शकूताई म्हणजे यमुनेच्या मोठ्या जाऊबाई. घराण्यातलं कार्य त्यांच्या देखरेखीशिवाय झालं नव्हतं आणि त्यांच्या बोलण्यापुढे कोणाचं चाललं नव्हतं. "काय गं यमुना," त्या म्हणाल्या, "अंगणात क्रूस आहे म्हणे?"

"आहे. जुना आहे हो, आळीचा."

"जुना असू दे नाहीतर नवा. माझ्या माहेरची माणसं येणार, गुरुजी येणार. वास्तुपुरुषाला आवाहन करायचं आणि समोर हे? लोक विचारतील, सुधाकरने घर घेतलं की धर्म घेतला?" आणि त्या हसल्या. टोमणा मारून वर हसायचं, म्हणजे समोरच्याला रागावताही येत नाही.

यमुनेला उत्तर येत होतं. मी शब्द दिलाय, एवढंच म्हणायचं होतं. पण तिला कधी मोठ्यांसमोर वर तोंड करून बोलता आलं नव्हतं. लोक तिला मवाळ म्हणत, सोशिक म्हणत, आणि तिनेही तो आपला गुणच मानला होता. ती म्हणाली, "बघते काहीतरी."

तिने जे बघितलं ते असं. वास्तुशांतीच्या सकाळी मांडववाला कनाती लावून गेला, पण कनात क्रूसापर्यंत पुरेना. यमुनेने कपाटातलं आपलं हिरवं जुनं लुगडं काढलं, स्टुलावर चढली आणि ते क्रूसावरून टाकून खाली सुतळीने बांधलं. वर झेंडूची माळ सोडली. लांबून बघितलं तर काहीतरी सजावट वाटावी असं.

संपदा ब्रश तोंडात घेऊन ओटीवर आली. "आई, हे काय? भूत उभं केलंयस?"

"हळू बोल. थोडा वेळच."

"मटिल्डा आँटीला बोलावलंयस ना तू?"

"त्यांना चार वाजता तीर्थप्रसादाला बोलावलंय. तोवर सगळे जेवून पांगतात. मी काढून टाकते आधी."

संपदाने लुगड्याकडे एकदा बघितलं, ब्रश पुन्हा तोंडात घातला आणि आत गेली. 

मटिल्डाबाई साडेअकराला आल्या. निकोलस स्टेशनकडून येत होता, त्याने त्यांना रिक्षात घेतलं. आणि त्यांना वाटलं, प्रसादाला जायचं ते पूजेला का जाऊ नये, पूजा बघायला मिळेल. फाटकाबाहेरच त्यांनी चपला काढल्या. डोक्यावरून पदर घेतला. हातात पितळेचा घासून लखलखीत केलेला डबा होता. यमुना ओटीवरून त्यांना येताना बघत होती, हातात पंचामृताची वाटी, आणि तिला आत पळून जावंसं वाटलं.

क्रूसासमोर आल्यावर मटिल्डाबाईंचा उजवा हात सवयीने वर उठला. कपाळापर्यंत आला. आणि तिथे समोर हिरवं लुगडं होतं, सुतळीने आवळलेलं. हात कपाळाशीच थांबला. क्षणभर त्याला कुठे जावं ते कळेना. मग त्यांनी त्याच हाताने पदर पुढे ओढून घेतला, जणू हात त्यासाठीच उचलला होता.

त्या ओटीच्या पायरीशी आल्या. निकोलस फाटकातच थांबला होता, तोही बघत होता.

"ऊन लागू नये म्हणून झाकलात होय?" मटिल्डाबाई म्हणाल्या. आवाजात काही नव्हतं. "बरं केलंत. यंदा ऊन फार आहे."

प्लेगच्या सालापासून उन्हात उभा होता तो दगड.  सरळ सांगायला तीच एक वेळ होती, आणि यमुनेने म्हटलं, "हो ना. फार ऊन आहे."

"हे घ्या. सुकेळी आहेत, आपल्या वाडीतली राजेळी केळी वाळवून केलेली. मुद्दाम हेच आणलं. अंड्याबिंड्याचं काही नाही ह्यात, तुमच्या देवाला चालतील."

झाकलात, केलंत, घ्या. पहिल्या दिवसापासून बाय म्हणणारी बाई आज तिला अहो-जाहो करत होती. यमुनेने डबा घेतला. तेवढ्यात आतून शकूताई आल्या. त्यांनी पाहुण्या बाईंकडे एकदा बघितलं, गळ्यातला दोरा बघितला, आणि डबा यमुनेच्या हातातून अलगद काढून घेऊन ओटीच्या कठड्यावर ठेवला. "इथे राहू दे गं. नैवेद्याजवळ नको. मागाहून बघू."

मटिल्डाबाई सगळी पूजा संपेपर्यंत ओटीवर, खांबाला टेकून बसल्या. ज्या खांबाला इतकी वर्षं टेकल्या, त्याच खांबाला. तीर्थ घेताना त्यांनी उजव्या तळव्याखाली डावा धरला आणि प्रसाद डोळ्यांना लावून तोंडात टाकला. जेवायला थांबल्या नाहीत. "मुलगा वाट बघेल," म्हणाल्या. जाताना त्या अंगणाच्या दुसऱ्या कडेने गेल्या.

पाहुणे चारला हलले नाहीत. शकूताईंच्या माहेरच्यांना वाडी बघायची होती, विहीर बघायची होती, मग पुन्हा चहा. दिवेलागण झाली तेव्हा अंगण माणसांनी भरलेलं होतं. यमुनेने तुळशीपाशी दिवा लावला. दुसरा दिवा तिच्या हातात तसाच राहिला, आणि तिने तो स्वयंपाकघरात नेऊन ओट्यावर ठेवला.

सगळे गेल्यावर तिने सुतळी सोडली. लुगडं ओढलं तर ते दगडी हाताला अडकून टर्रकन फाटलं, आणि कोनाड्यातलं मेण उन्हाने वितळून त्याला चिकटलं होतं. ते तिने गरम पाण्यात घातलं, साबण लावला. डाग गेला नाही. सुकेळ्यांचा डबा कठड्यावरच होता, मुंग्या लागलेल्या. मुंग्या झटकून तिने एक सुकेळं तोंडात घातलं. मधासारखं गोड होतं. तिला ते गिळवेना.

दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा दोन दिवे लावू लागली. पण आता दुसरा लावताना ती मान वर करत नसे. वात सरळ आहे का, तेल पुरेल का, एवढंच बघायची आणि चटकन मागे फिरायची, चोरी करून निघावं तशी. पोथी वाचताना शब्द डोळ्यांखालून जायचे. नेम चुकला त्याचं प्रायश्चित्त पोथीत होतं: उपास, दान, जप. पण तिने काय चुकवलं होतं त्याला पोथीत नाव नव्हतं. देवाचा दिवा एक दिवस राहिला तर देव समजून घेईल. तिने देवाला लपवलं होतं, आणि ज्या बाईने तिच्या शब्दाच्या भरवशावर घर दिलं तिच्या तोंडावर खोटं सांगितलं होतं.

एकदा तिने धीर करून फोन लावला. मटिल्डाबाईंनी चौकशी केली, तुळस कशी आहे, विहिरीचं पाणी खाली गेलं का. मग म्हणाल्या, "आणि ऊन कसं आहे तिकडे?" साधं विचारलं असेल, म्हाताऱ्या माणसाने विचारावं तसं.  "आहे," एवढंच बोलून यमुनेने फोन ठेवला.

निकोलस आता अंगणातून जात नसे. डोक्यावर पाटी असली तरी लांबून, आळीला वळसा घालून जायचा. भेटला की हसायचा, "काय वहिनी, बरं ना?" कार्मिन कपडे घरच्या नळावर धुवायला लागली होती. कोणी वाईट शब्द बोललं नाही. एखादी जरी कडाडून भांडली असती तरी यमुनेने ते प्रसादासारखं घेतलं असतं.

मे उजाडला. यमुना रोज वाट बघायची, कोणीतरी येऊन सांगेल, अमक्या दिवशी प्रार्थना आहे. कोणी आलं नाही. शेवटी तिनेच कार्मिनला रस्त्यात गाठलं.

"कधी आहे गं प्रार्थना? चणे भिजत घालायचे ना मला."

कार्मिन घुटमळली. "ते ना, यंदा आळीतच करनार. रस्त्यावर. तुमच्या फाटकाभायेर."

"बाहेर का? मी शब्द दिलाय मटिल्डाबाईंना."

"त्याच बोलल्या. तुमच्या घरात सोवळं-ओवळं असतं, पूजाअर्चा असते, आपन कशाला आत जाऊन तुम्हाला अवघडल्यासारखं करायचं. क्रूस तर भिंतीवरून दिसतोय. राग नाय हो कोनाला, खरंच नाय. तुम्ही मनात आनू नका."

राग नाही म्हणाली, तेच जास्त लागलं. म्हणजे इतक्या घरांनी मिळून विचार केला होता की यमुनेला लाज वाटू नये म्हणून काय करता येईल.

घरी येऊन तिने सुधाकररावांना सांगितलं. ते पेपर वाचत होते. "मग झालं की. त्यांनी आपणहून सोडलं. आपण कशाला ओढवून घ्यायचं?"

"अहो, त्याच्यासाठी घर दिलं त्यांनी."

"दिलं म्हणजे फुकट का दिलं?" ते म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांनाच बरं वाटलं नाही, त्यांनी पेपराची घडी घातली, पुन्हा उघडली.

संध्याकाळी संपदा ऑफिसातून आली तेव्हा म्हणाली, "आई, सिंपल आहे. तू सरळ सॉरी बोल ना."

"कशाबद्दल सॉरी म्हणू? उन्हाबद्दल?"

त्याच आठवड्यात शकूताई हवापालटाला आल्या. वास्तुशांतीला ज्यांनी घराच्या प्रत्येक वाशाला नावं ठेवली होती, त्या आता ओटीवर झोपाळ्यावर बसून म्हणायच्या, "काही म्हण यमुना, घर गार आहे हो तुझं. आमच्याकडे पंख्याखाली भाजून निघतो." राजापुरी आंबे कापून खायच्या आणि संध्याकाळी यमुना दोन दिवे घेऊन निघाली की दुसऱ्या दिव्याकडे बघून भुवई उचलायच्या. बोलत नव्हत्या. भुवई पुरत होती.

प्रार्थनेच्या दिवशी यमुनेने पहाटे चणे शिजायला टाकले. दुपारी अंगण झाडलं, सडा घातला, कोठीतल्या सतरंज्या काढून झटकल्या आणि क्रूसासमोर अंथरल्या.

"कोण येणार आहे?" शकूताईंनी विचारलं.

"बघू," यमुना म्हणाली. पुन्हा तोच शब्द. तिचा तिलाच राग आला.

उन्हं कलल्यावर आळीत माणसं जमू लागली. निकोलसने घरातले बाक आणून रस्त्याच्या कडेला लावले. मुलांनी कुंपणाच्या बुटक्या भिंतीवर मेणबत्त्यांची रांग मांडली. बायका डोक्यावर पदर, ओढण्या घेऊन उभ्या राहिल्या; पुरुष मागे. मध्ये एका प्लास्टिकच्या खुर्चीवर मटिल्डाबाई, हातात माळ. सगळ्यांची तोंडं भिंतीवरून आत, क्रूसाकडे. आणि आत, क्रूस आणि त्यांच्यामध्ये, यमुनेच्या सतरंज्या रिकाम्या पडल्या होत्या.

तिने फाटकाची दोन्ही दारं उघडी केली होती. ती दारात उभी राहिली. "आत या ना सगळे. बसायला घातलंय."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. निकोलस म्हणाला, "असू द्या वहिनी. इथं बरं हाय. उगाच तुमची धावपळ." इतक्या चांगुलपणाने म्हणाला की पुढे काही बोलायला जागाच राहिली नाही. कोणीतरी खाकरलं. प्रार्थना सुरू होणार होती.

यमुना फाटकातून बाहेर आली.  मटिल्डाबाईंच्या खुर्चीशी ती वाकली, आणि तिचा आवाज एरवीही कोणाला ऐकू जात नसे, पण त्या वेळी आळीत इतकं शांत होतं की शेवटच्या बाकापर्यंत गेला.

"मटिल्डाबाई, ऊन लागू नये म्हणून नव्हता झाकला."

मटिल्डाबाईंची बोटं माळेवर थांबली.

"आमच्या माणसांनी बघू नये म्हणून झाकला होता. मला लाज वाटली त्याची. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोलले. त्या दिवशी दिवाही नाही लावला."

वर बघायचं धाडस तिच्यात नव्हतं. मटिल्डाबाईंच्या पायांकडे ती बघत राहिली, भेगाळलेल्या टाचा, घासून पातळ झालेल्या चपला.

"ठाऊक आहे गं बाय," त्या म्हणाल्या. "उन्हाचं निमित्त मीच तुझ्या तोंडात घातलं. म्हटलं, पाहुण्यांत तुला खाली बघायला लागू नये. चुकलंच माझं. तेव्हा तू आपणहून खरं सांगशील एवढा वेळ तुला द्यायला हवा होता."

ओटीवरून शकूताईंची हाक आली, "यमुना, अगं काय चाललंय तिकडे? कोण माणसं आहेत ही?"

सगळी आळी ओटीकडे बघू लागली. आणि मग यमुनेकडे. तिला वाटलं, आता म्हणता येईल, कोणी नाही, शेजारची आहेत, चाललीयत. तोंडात आलंही होतं. ती सरळ उभी राहिली.

"आपल्याकडे प्रार्थना आहे आज, ताई," ती म्हणाली. इतक्या मोठ्याने ती त्या घरात कधी बोलली नव्हती. शेवटाला आवाज चिरकला. "दरवर्षी असते. तुम्हाला बसायचं तर सतरंजीवर या, नाहीतर आत पंखा लावलाय."

शकूताईंचा झोपाळा करकरला आणि थांबला. त्या उठून आत गेल्या.

मटिल्डाबाईंनी हात पुढे केला. यमुनेने तो धरून त्यांना उठवलं आणि त्या दोघी फाटकातून आत आल्या. मागून कार्मिन आली, कडेवरचं पोर सावरत. मग दोघी म्हाताऱ्या. मग आणखी काही. पण सगळे नाही. निम्मी आळी रस्त्यावरच राहिली, आणि त्यांच्यात सगळ्यात पुढे निकोलस, फाटकाच्या खांबाला धरून. त्याचा चेहरा कडू नव्हता. पण पाऊल त्याने आत टाकलं नाही.

मटिल्डाबाई क्रूसासमोर थांबल्या. हात कपाळाला गेला, छातीला, एका खांद्याला, दुसऱ्या खांद्याला. यमुनेने मान खाली घातली. मग कोनाड्यात दिवा लावला आणि या वेळी मान वर करून त्या झिजलेल्या दगडाकडे बघितलं. प्रार्थनेतले शब्द तिला येत नव्हते. ती सगळ्यात मागे बसली आणि पदराखाली आपली तुळशीची माळ ओढत राहिली. लोक म्हणत तेव्हा गप्प राहायची, लोक थांबत तेव्हा मणी सरकवायची.

चणे वाटताना कार्मिनने एक तोंडात टाकला. "मीठ कमी झालंय, वहिनी," ती म्हणाली. पहिल्यांदाच इतक्या दिवसांत ती काहीतरी खरं बोलली होती. यमुनेला हसू आलं आणि डोळेही भरले. आतून शकूताई दारापर्यंत आल्या, द्रोणाकडे बघून म्हणाल्या, "ओवा नाही घातलास वाटतं?" आणि द्रोण घेऊन गेल्या.

शेवटचा द्रोण घेऊन यमुना फाटकापाशी गेली. निकोलस तिथेच होता, वितळलेल्या मेणबत्त्या भिंतीवरून खरवडून काढत.

"घ्या," ती म्हणाली. "आत नाही आलात."

त्याने द्रोण घेतला. दोन चणे खाल्ले. "मटिल्डाबायनं त्या दिवशी परत जाताना रिक्षात एक शब्द नाय काढला, वहिनी. स्टेशनपर्यंत. पदर तोंडाला धरून बसलेली." मग आणखी एक चणा तोंडात टाकून, "पुढच्या साली बगू."

यमुनेने मान हलवली. तिला त्यात काही गैर वाटलं नाही. पुढचं साल म्हणजे रोजच्या संध्याकाळी होत्या मधल्या, आणि त्या तर तिच्या हातात होत्या.

मागून मटिल्डाबाईंनी हाक मारली, "बाय, वारं सुटलंय. वात बघ." ती वळली. तुळशीपाशीचा दिवा जळत होता. कोनाड्यातला विझला होता. तळव्याचा आडोसा करून ती लगबगीने तिकडे गेली.